डावा, साईज आठ

मेन रोडवरच्या आमच्या दुकानात
काचेमागचे सगळे बूट उजव्या पायाचे.
डावे वर, माळ्यावर, खोक्यांत.
एकच बूट चोरून कोण काय करणार,
हे शेठच्या वडिलांचं तत्त्वज्ञान.

त्यावरून अंकुश खैरनारला पिक्चर सुचला :
एक गिऱ्हाईक येतं, त्याला फक्त डावाच हवा असतो.
"मग पुढे?" नीलोफरनं विचारलं.
"पुढे काही नाही. सव्वा तास.
आपल्याकडे तरी पुढे काय होतं?"

बजेट नऊ हजार चारशे,
त्यातले चार हजार भिशीचे.
कॅमेरा म्हणजे अंकुशचा मोबाइल,
लेन्सला बारीक तडा,
त्यामुळे प्रत्येक शॉटमध्ये
चपलांच्या रॅकवर वीज पडताना दिसते.

शेठला सांगितलं, दुकानाची जाहिरात करतोय.
शेठ म्हणाले, करा, पण एसी लावायचा नाही.
डिसेंबरात, नाशकात, रात्री अकराला.
आम्ही शाली पांघरून हो म्हणालो.

शटर अर्धं खाली.
कारंजाकडून कुत्री भुंकायची,
गुरख्याची शिट्टी नेमकी विनोदावर यायची.
शेवटी त्याचंही नाव टाकलं पाट्यांमध्ये,
पार्श्वसंगीत म्हणून.

भिकन घड्याळाकडे बघायचा. तेवढंच त्याचं काम.
आडनाव पगार;
पगार म्हणून एवढंच काय ते पूर्ण मिळालेलं.
भिंतीवर किमान वेतनाचा तक्ता आहे फ्रेम करून.
सही आम्ही त्या आकड्यावर करतो
आणि पैसे दुसऱ्या आकड्याचे मोजून घेतो.
अंकुशनं तक्ता फ्रेममधून वगळला.
म्हणाला, कॉमेडी आहे रे ही.

गिऱ्हाईक मी झालो,
कारण इस्त्रीचा शर्ट माझ्याकडेच होता.

सहा वर्षं बुटक्या स्टुलावर बसतोय मी.
तिथून माणूस गुडघ्यापासून खालीच असतो.
पिंपळगावच्या बागेतून आलेल्या टाचा,
कॉलेज रोडच्या टाचा,
नवऱ्यामुलाचे नवेकोरे घाबरलेले अंगठे,
सगळे ओळखतो. चेहरे सांगता येणार नाहीत.

सोफ्यावर मात्र त्या रात्री पहिल्यांदा बसलो.
आम्ही बसायचं नसतं.
रोज सकाळी मीच पुसतो तो,
पण आत इतकं खोल जायला होतं
हे फडक्याला कसं कळणार?

नीलोफरनं माझा पाय हातात घेतला,
बूट काढला.
मोज्यातून अंगठा बाहेर.

तिचा डायलॉग होता, "साईज काय?"
ती विसरली.
अंगठ्याकडे बघत राहिली, मग त्यालाच म्हणाली,
"आणि तू कुठे निघालास?"
कुणी कट म्हणालं नाही.
अंकुश हसत होता, म्हणून तो शॉट हलतो.

उपनगरला मामांच्या मंगल कार्यालयात दाखवला,
दोन लग्नांच्या मधल्या रिकाम्या मंगळवारी,
पांढऱ्या चादरीवर.
माणसं त्रेचाळीस, त्यातले अकरा आचारी.
आमच्या विनोदांना कुणी हसलं नाही.
भिकननं घड्याळ बघितलं : तीन वाजून दहा.
बऱ्याच वेळानं परत बघितलं : तीन वाजून अकरा.
आचारी अक्षरशः खुर्च्यांवरून घसरले.

अंगठ्यालाही हसले सगळे,
आई सोडून.
दुसऱ्या दिवशी उशाशी मोज्यांचा जोड होता,
लेबलासकट.

शेठ शेवटपर्यंत बसले,
दिवे लागल्यावर शांतपणे म्हणाले,
"छान. जाहिरात कुठे होती?"
विजेचे एकशे साठ रुपये वहीत मांडले होते.

बुधवारी दुकान साडेनऊला उघडलं.
पहिलं गिऱ्हाईक सोफ्यावर बसलं,
बूट काढला, आणि मोज्यातला अंगठा
घाईघाईनं आत दुमडून घेतला.
मी स्टुलावरून पहिल्यांदाच वर पाहिलं.
पन्नाशीचा माणूस, शेव्हिंग करताना कापलेला.
नीलोफर काउंटरपाशी ओठ चावत उभी.
जीभेवर आलं होतं माझ्याही, गिळलं.

"साईज काय?"
"आठ."

डावा आणायला माळ्यावर गेलो
आणि जरा जास्तच वेळ
शोधत बसलो.